थर्माकोल विरघळवताना खरा धोका कुठून येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉडेलसाठी थर्माकोलचे डोंगर कोरताना जे तुकडे उरतात, ते ॲसिटोनमध्ये टाकून तुम्ही चिकट लगदा करता आणि सांधे, खड्डे त्याने भरता. काम झोपायच्या खोलीत चालतं. दाणे उडू नयेत म्हणून खिडकी बंद, पंखाही बंद. तोंडावर साधा सर्जिकल मास्क, हातात पातळ निळे हातमोजे. तासाभरात डोकं जड होतं. सात वर्षांची मुलगी शेजारी बसून मदत करते. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: विरघळताना येणारे बुडबुडे हा विषारी वायू आहे का, ॲसिटोनऐवजी थिनर वापरला तर चालेल का, आणि अर्धी उरलेली बरणी कुठे टाकायची.

मी वास्तूंची आणि प्रदर्शनांची मॉडेलं बनवतो. फोम आणि द्रावकं हे माझं रोजचं सामान आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतोच, पण त्याआधी एक सांगतो आणि ते आजपासूनच पाळा: बाटली उघडी असताना मुलगी त्या खोलीत नको. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यांचं नाक जमिनीच्या जास्त जवळ असतं, आणि या वाफा जमिनीलगतच साचतात. तिला मदत करायचीच असेल तर पाण्याच्या रंगांचं काम भरपूर आहे, ते तिला द्या.

आता बुडबुडे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्यात आकारमानाच्या ९५ टक्क्यांहून जास्त नुसती हवा असते, प्लॅस्टिक अगदी थोडं. ॲसिटोन लागलं की त्या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या एकमेकींपासून सुटतात, फुग्यांच्या भिंती मऊ पडून कोसळतात आणि आतली हवा फसफसत बाहेर येते. ही रासायनिक क्रिया नाही. नवा पदार्थ तयार होत नाही आणि सामान्य तापमानाला पॉलिस्टायरीन तुटून त्याचा मूळ घटक, म्हणजे स्टायरीन, सुटा होत नाही. ताज्या मालात फुगवण्यासाठी वापरलेल्या पेंटेनचा थोडा अंश आणि मूळ स्टायरीनचा किंचित अंश असू शकतो, पण तुमची डोकेदुखी त्यातून आलेली नाही. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावर जे कडक, पिवळसर ढेकूळ उरतं ते तेच पॉलिस्टायरीन, फक्त हवा निघून गेलेलं.

म्हणजे भीती चुकीच्या जागी ठेवली गेली आहे. फसफस दिसते म्हणून तिची धास्ती वाटते. शेजारच्या उघड्या बरणीतून जे गुपचूप उडतं ते दिसत नाही म्हणून त्याची वाटत नाही. या कामात मी एकच नियम धरून चालतो: द्रावकाचा धोका वाफेत, फोमचा धोका उष्णतेत आणि धुळीत. हे दोन वेगळे ठेवले की कुठे काय सांभाळायचं ते आपोआप कळत जातं.

वाफेचं प्रमाण डोळ्यांनी कळत नाही, म्हणून हिशेब करून पाहू. १०० मिलिलिटर ॲसिटोनचं वजन साधारण ७९ ग्रॅम. ते सगळं उडालं की जवळपास ३३ लिटर वाफ होते. तुमची खोली १० बाय १० फूट आणि उंचीही १० फूट धरली तर आत सुमारे २८ हजार लिटर हवा आहे. खिडकी बंद असताना ती वाफ समान पसरली, तर हवेच्या दहा लाख भागांत जवळपास १२०० भाग ॲसिटोन होतं. यालाच १२०० पीपीएम म्हणतात. अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने कामाच्या जागेसाठी शिफारस केलेली मर्यादा २५० पीपीएम आहे, आणि तिथल्या ओशा या सरकारी यंत्रणेची कायदेशीर मर्यादा १००० पीपीएम. या दोन्ही मर्यादा धडधाकट प्रौढ कामगारासाठी, कामाच्या वेळेची सरासरी धरून ठरवलेल्या आहेत. तुम्ही एका वाटीभर ॲसिटोनमध्ये दोन्ही ओलांडता. वर तुम्ही बरणीवर वाकून काम करता, तेव्हा तुमच्या नाकाशी असलेली हवा खोलीच्या सरासरीपेक्षा कितीतरी दाट असते. डोकं जड होणं हे त्याचंच लक्षण आहे. आणि वास कमी झाला म्हणजे वाफ कमी झाली असं समजू नका. काही मिनिटांत नाकाला सवय होते, हवेतलं प्रमाण वाढत असलं तरी वास मात्र ओसरल्यासारखा वाटतो.

तरी ॲसिटोनच्या बाबतीत मला विषापेक्षा आगीची काळजी जास्त वाटते. शरीर ॲसिटोन बऱ्यापैकी लवकर बाहेर टाकतं. द्रावकांमध्ये ते त्यातल्या त्यात सौम्य. पण ते ५६ अंशांना उकळतं आणि उणे २० अंश सेल्सिअसलासुद्धा त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफ असते. म्हणजे आपण राहतो त्या कुठल्याही खोलीत उघडी बरणी ही कायम पेटू शकणारी बरणी आहे. हवेत साधारण अडीच टक्के वाफ झाली की ठिणगी पुरते. वरच्या ३३ लिटर वाफेने तेराशे लिटर हवा पेट घेण्याजोगी होते. खोलीभर विरून गेली तर हे प्रमाण गाठलं जाणार नाही, हे खरं. पण ॲसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड असते. पंखा बंद, खिडकी बंद अशा ठिकाणी ती विरत नाही; टेबलाच्या कडेवरून खाली उतरते, पलंगाखाली, खोक्यात, कपाटामागे साचते आणि दाराखालून शेजारच्या खोलीत जाते. तिथे गॅसची शेगडी असेल, गिझर असेल, फ्रिजचा थर्मोस्टॅट कट्‌कन चालू-बंद होत असेल, तर ज्वाला तिथून वाफेच्या वाटेने उलट बरणीपर्यंत येते. बरणीपासून दूर काहीतरी पेटलं आणि आग इथे कशी आली, हे कोडं लोकांना पडतं, त्याचं उत्तर हे असतं.

त्यात तुमच्या टेबलावर थर्माकोलचा ढीग आहे. तो पेटला की वितळून पेटते थेंब गळतात आणि काळाकुट्ट धूर होतो. लगदा पेटला तर आणखी वाईट, कारण तो चिकटतो. हाताला लागलेला पेटता लगदा झटकून जात नाही. याच कारणासाठी फोम पेट्रोलमध्ये विरघळवण्याचा प्रयोग कधीही, कितीही थोड्या प्रमाणात करू नका. पेट्रोलची वाफ ॲसिटोनपेक्षाही कमी प्रमाणात पेटते, त्यात बेंझीन असतं, आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. कुणी चित्रफितीत हे करून दाखवलं असेल तर ती तिथेच बंद करा.

थिनरचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे: नको. मोह का होतो ते मला ठाऊक आहे. ॲसिटोनमध्ये पॉलिस्टायरीन नीट विरघळत नाही, फुगून च्युइंगमसारखा गोळा होतो. थिनरमध्ये मात्र ते मधासारखं पातळ, एकसारखं होतं आणि ब्रशने लावता येतं. पण थिनर हा एक पदार्थ नाही. टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन, निरनिराळे ॲसिटेट, कधी मिथेनॉल, असं मिश्रण कंपनीगणिक आणि कधी डब्यागणिक बदलतं. आत काय आहे हेच माहीत नसेल तर काळजी कशाची घ्यायची? त्यातल्या टोल्युइनचा हिशेब बघा. १०० मिलिलिटर थिनरमध्ये निम्मं टोल्युइन असलं, तरी ते उडाल्यावर तुमच्या त्याच खोलीत ४०० पीपीएमच्या आसपास होतं. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने दिवसभराच्या कामासाठी सुचवलेली मर्यादा २० पीपीएम आहे, आणि ५०० पीपीएमला निओश जिवाला तात्काळ धोका मानते. टोल्युइन थेट मेंदू आणि मज्जासंस्थेवर काम करतं. आधी नशा चढल्यासारखं होतं, मग डोकं दुखतं, मळमळतं. महिनोन्‌महिने घेतलं तर स्मरणशक्ती, लक्ष आणि ऐकू येणं यांवर परिणाम होतो. गरोदर बाईने तर त्याच्या जवळपासही थांबू नये, गर्भाला इजा होते. शिवाय टोल्युइन वीजवाहक नाही. ते ओतताना स्थिर विद्युतभार साठतो आणि त्याचीच ठिणगी पडू शकते.

आणखी दोन द्रावकांबद्दल बोलायला हवं, कारण ती वेगळ्या नावाखाली घरात येतात. फोमच्या शीट चिकटवायला जो पिवळट, दोन्ही बाजूंना लावून वाळवून दाबायचा गोंद वापरतात, त्यात बहुतेकदा टोल्युइन किंवा एन-हेक्झेन असतं. हेक्झेनने हातापायांच्या नसा हळूहळू निकामी होतात; पादत्राणं चिकटवणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार चांगलाच नोंदला गेलेला आहे. सुरुवात बोटांना मुंग्या येण्यापासून होते, आणि ती वयाची किंवा थकव्याची म्हणून सोडून दिली जाते. दुसरं डायक्लोरोमिथेन, म्हणजेच मिथिलीन क्लोराईड. ॲक्रिलिक जोडायच्या पाण्यासारख्या पातळ गोंदात आणि रंग काढायच्या द्रावणांत ते सापडतं. ते सहज पेटत नाही म्हणून निर्धोक वाटतं, पण शरीरात गेल्यावर त्याचं कार्बन मोनॉक्साईड होतं. बंद न्हाणीघरात रंग काढताना माणसं मेली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये ग्राहकांना असं रंग काढायचं द्रावण विकायला बंदी घातली. हौशी कामात त्याची काही गरज नाही.

नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का, असं लोक विचारतात. 'ॲसिटोनविरहित' लिहिलेल्या रिमूव्हरमध्ये बहुधा एथिल ॲसिटेट असतं. तेही फोम विरघळवतं आणि तितकंच सहज पेटतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन त्यातल्या त्यात बरं. ते ४८ अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगं होतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला ॲसिटोनसारखा भडका सहसा उडत नाही. पण ते सावकाश उडतं, दिवसेंदिवस दर्प राहतो, आणि जुनं झालेलं, हवा लागलेलं लिमोनीन त्वचेला ॲलर्जी देतं. नैसर्गिक आहे म्हणून हाताने चोळत बसायची गोष्ट ती नव्हे.

तुमच्या मास्कबद्दल. सर्जिकल मास्क, कापडी मास्क, एन-९५, यांतला एकही वाफ अडवत नाही. ते कण अडवतात. वाफ म्हणजे सुटे रेणू, ते कापडातून हवेबरोबर आत जातात. मास्कमुळे वास थोडा कमी लागतो आणि तेवढ्याने माणूस जास्त वेळ बसून राहतो, हे त्याचं नुकसान. वाफेसाठी रबरी, चेहऱ्याला घट्ट बसणारा अर्धा मास्क आणि सेंद्रिय वाफांसाठी असलेला कोळशाचा कार्ट्रिज लागतो. त्यातही बारकावा आहे: ६५ अंशांच्या खाली उकळणाऱ्या द्रव्यांसाठी युरोपियन मानकात एएक्स नावाचा वेगळा कार्ट्रिज आहे, कारण साधा कोळसा अशा हलक्या वाफा फार वेळ धरून ठेवत नाही. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, म्हणजे ते याच गटात आलं. कार्ट्रिज पिशवीतून काढून टेबलावर पडून राहिला तरी हवेतलं शोषून संपत जातो. दाढी असेल तर मास्क बसतच नाही. एवढं सगळं पाळायचं नसेल तर मास्कच्या भरवशावर राहू नका. हवा खेळती ठेवणं हाच पहिला उपाय, मास्क त्याच्यानंतर.

हातमोज्यांची गोष्ट अशीच. पातळ निळे नायट्राईल मोजे तेलाला, ग्रीसला छान. ॲसिटोन मात्र त्यांतून मिनिटा-दोन मिनिटांत आरपार जातं. पाहायचं असेल तर जुन्या मोज्याचं एक बोट कापून, उघड्यावर, त्यावर ॲसिटोनचे चार थेंब टाका. ती जागा काही क्षणांत फुगते, सुरकुतते, ताणली की फाटते. आत हात असता तर द्रावक मोजा आणि कातडी यांच्यामध्ये अडकून बसलं असतं, आणि ते उघड्या हातापेक्षा वाईट, कारण तिथून ते उडूनही जात नाही. ॲसिटोनला ब्युटाईल रबरचे मोजे टिकतात. माझी पद्धत अशी, की हात द्रावकाला लागणारच नाही असं काम बसवायचं: लाकडी काडी, धातूचा पॅलेट नाइफ, लांब दांड्याचा ब्रश. नायट्राईल घातलेच तर ओलं होताक्षणी काढून टाकायचे. डोळ्यांना मात्र बंद गॉगल हवाच. शिंतोडा उडाला तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. हाताला चिकटलेला गोंद ॲसिटोनने पुसायची सवय असेल तर तीही सोडा. कातडीचं तेल निघून गेलं की ती भेगाळते आणि मग पुढचं प्रत्येक रसायन सोपेपणी आत जातं.

सुपरग्लूबद्दलही एक सांगून ठेवतो. तो थर्माकोल खातोच, पण सुती मोज्यावर किंवा सुती फडक्यावर सांडला तर काही सेकंदांत इतका तापतो की धूर निघतो आणि कातडी भाजते. सुती मोजे घालून तो वापरू नका.

आता फोमच्या बाजूचा धोका, उष्णता. कोरताना तुम्ही गरम तार वापरता असं लिहिलं नाहीत, पण डोंगर करणारा माणूस आज ना उद्या तिच्याकडे येतोच. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. कापायला तेवढ्याच्या थोडं वर पुरतं. तापमान ३०० च्या पलीकडे गेलं की साखळ्या खरोखर तुटू लागतात आणि स्टायरीन बाहेर पडतं. हे स्टायरीन २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. तार किती तापली हे मोजायला उपकरण लागत नाही. तार सावकाश, किंचित अडखळत, मागे बारीक केसासारखे धागे सोडत जात असेल तर बरोबर. तार फोमला न टेकताच फट पडत असेल, धूर दिसत असेल, गोडसर उग्र दर्प येत असेल, तार लालसर दिसत असेल, तर वीज कमी करा. धूर निघाला म्हणजे कापणं थांबून जाळणं सुरू झालं. आणि गरम तार आणि द्रावक यांची गाठ कधी पडू द्यायची नाही. कापायचा दिवस वेगळा, लगद्याचा दिवस वेगळा. स्प्रे रंगाचा डबाही तारेच्या खोलीत नको. त्याला ढकलणारा वायू बहुतेकदा ब्युटेन-प्रोपेनसारखा पेटणाराच असतो.

फोम कुठला आहे ते ओळखल्याशिवाय तार लावू नका. दाणेदार पांढरा तो थर्माकोल. एकसंध, बारीक पोताचा, बहुतेकदा गुलाबी किंवा निळा, तो दाबून काढलेला पॉलिस्टायरीनच. हे दोन्ही तारेने कापता येतात. पिवळसर, बोटाने घासला तर भुकटी होणारा पॉलियुरेथेन तारेने वितळत नाही, करपतो, आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाईड असतं. त्याला फक्त करवत आणि सुरी. पीव्हीसीच्या फोम बोर्डातून तापवल्यावर हायड्रोजन क्लोराईड निघतं, जे नाक-घशात आम्लासारखं झोंबतं. पॅकिंगमधून आलेला आणि बांधकामातून आलेला जुना फोमही एक धरू नका. इमारतींच्या उष्णतारोधक फोममध्ये आग मंदावण्यासाठी एचबीसीडी नावाचं ब्रोमीनयुक्त रसायन घालत असत. ते २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे लवकर न विघटणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं. असा जुना फोम कोरून हौशी मॉडेल करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात दोन बाटल्या मिसळून फुगवायचा किंवा डब्यातून फवारायचा पॉलियुरेथेन फोम आणला तर त्याची काळजी वेगळीच. त्यात आयसोसायनेट असतात. एकदा शरीराला त्यांची ॲलर्जी बसली की पुढे अगदी सूक्ष्म प्रमाणानेही दमा उठतो आणि ती संवेदनशीलता सहसा जात नाही. ते काम घराबाहेर, पूर्ण कडक झाल्यावरच हात लावायचा. घासकाम कुठल्याही फोमचं असो, तिथे मात्र एन-९५ खरोखर उपयोगी पडतो, कारण तिथे अडवायचे आहेत ते कण.

इतकं झाल्यावर मूळ मुद्द्याकडे येतो: हा लगदा करायचाच कशाला? मॉडेलकार म्हणून मला तो आवडत नाही, सुरक्षिततेचा विषय बाजूला ठेवला तरी. लगदा वरून वाळतो, सालपट धरतो आणि आतलं ॲसिटोन कोंडतं. बाहेर जायची वाट बंद झाली की ते खालच्या थर्माकोलमध्ये शिरतं आणि त्याला आतून पोखरतं. आठवड्याने डोंगराची बाजू बोटाने दाबली की आत पोकळ लागते. लगदा आकसतो, बुडबुडे राहतात, सांध्यावर रेघ उमटते. जाड थरातून द्रावक बाहेर यायला दिवस नव्हे, आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस तुम्ही त्याच खोलीत झोपता. लवकर वाळावा म्हणून हेअर ड्रायर किंवा ओव्हन लावायचा विचार तर करूच नका. आत तापलेली तार आणि बाहेर ॲसिटोनची वाफ, यापेक्षा वाईट जोडी नाही.

त्याऐवजी कागदाचा लगदा पांढऱ्या गोंदात कालवून भरा, किंवा भिंतीच्या भेगा भरायची हलकी, पाण्यात कालवायची पुटी घ्या. वाळली की पॉलिश पेपरने घासता येते आणि फोमला धक्का लागत नाही. चिकटवायला पांढरा गोंद. मोठ्या पृष्ठभागांत तो आत वाळत नाही ही अडचण खरी, म्हणून थर पातळ लावा, दोन्ही बाजूंना टाचण्या टोचून रात्रभर वजन ठेवा. ग्लू गन वापरलीत तर कमी तापमानाची घ्या, जास्त तापमानाची फोममध्ये खड्डा पाडते. स्प्रे रंग द्यायचा असेल तर आधी पाण्याच्या ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्या. एकाच हातात दाण्यांच्या मधली टाचणीएवढी छिद्रं उघडी राहतात आणि स्प्रेमधलं द्रावक नेमकं तिथून शिरून खाली गुहा करतं.

तरीही एखाद्या कामाला द्रावक लागणारच असेल तर ते घराबाहेर, गच्चीवर किंवा उघड्या ओसरीत करा. आतच करावं लागलं तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा तुमच्या पाठीमागून वारा घालून वाफ खिडकीबाहेर ढकलेल असा. वाफ मोटरमधून ओढून नेणारा साधा एक्झॉस्ट नको, मोटरच्या आत ठिणग्या असतात. पंखा बाटली उघडण्याआधी चालू करायचा, आणि काम संपवून हवा स्वच्छ झाल्यावरच बंद करायचा. मध्ये कुठलंही बटण दाबायचं नाही. बाटलीतून एका वेळी दोन-तीन चमचेच घ्या आणि झाकण लगेच लावा. भांडं काचेचं किंवा धातूचं. ॲसिटोन पॉलिस्टायरीनच्या कपाचा तळ खातं, ॲक्रिलिक, पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट मऊ करतं. ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साईड ॲसिटोनच्या शेजारच्या फळीवरसुद्धा ठेवू नका. ती एकमेकांत मिसळली तर फार घातक पदार्थ तयार होतात. आणि मूळ बाटलीतून काढून पाण्याच्या बाटलीत द्रावक भरून ठेवणं हे घरातलं सगळ्यात मोठं पाप. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका, द्रावक फुप्फुसात उतरतं. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना.

भांड्यात आग लागली तर ते उचलून पळू नका, पेटतं द्रावक अंगावर सांडतं. धातूचं झाकण किंवा परात बाजूने सरकवून वर ठेवा. हाताशी पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साईडचा अग्निशामक असावा. फोमच्या ढिगाने पेट घेतला तर विझवायच्या भानगडीत न पडता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा, त्या धुरात दोन-चार श्वासही जास्त होतात.

तुमची डोकेदुखी काम बंद केल्यावर एक-दोन दिवसांत पूर्ण जायला हवी. गेली नाही, किंवा बोटांना मुंग्या, तोल जाणं, छातीत घरघर असं काही असेल तर डॉक्टरांकडे जा आणि वापरलेल्या प्रत्येक बाटलीवरचं लेबल त्यांना दाखवा. नुसतं 'केमिकलचा वास गेला' म्हटल्याने त्यांना काही कळत नाही.

राहिली बरणी. मोरीत ओतू नका. पाणी लागताक्षणी विरघळलेलं पॉलिस्टायरीन पांढऱ्या रबरी गोळ्यासारखं बाहेर पडतं आणि पाइप तुंबतो, पीव्हीसीचा पाइप ॲसिटोनने मऊ होतो, आणि वाफ ड्रेनेजमधून कुणाच्या तरी घरात निघते. तुमच्या गावात घातक कचरा वेगळा घेण्याची सोय असेल तर घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात, वर नाव लिहून तिथे द्या. तशी सोय नसेल आणि लगदा वाटीभरच असेल, तर पत्र्याच्या ट्रेमध्ये पातळ पसरा, आणि उघड्यावर, ज्वाला-ठिणगीपासून आणि मुलं-जनावरांपासून लांब ठेवून पूर्ण कडक होऊ द्या. मधूनमधून काडीने फोडून पाहा, वरचं सालपट फसवतं. आतपर्यंत काडीला काही चिकटत नाही आणि वास अजिबात येत नाही, तेव्हा ते साधं प्लॅस्टिक झालं, सुक्या कचऱ्यात टाका. ज्या फडक्यांनी पुसलंत तीही गोळा करून डब्यात कोंबू नका. एकेक सुटं, बाहेर दोरीवर वाळवून मग फेका. थिनरचा लगदा असेल तर हा वाळवायचा उपाय करू नका, तो बंद डब्यात तसाच ठेवून घातक कचऱ्यातच गेला पाहिजे.